वासाचा रकाना

पोर्टलवर हसुराम ठाकूरचं खातं आहे,
नावापुढे हिरवा ठिपका, आणि नोंदी शून्य.
'ज्ञानसंचय' हे बारसं वरच्या मजल्यावर झालं.
एका नोंदीला दहा गुण,
शंभर गुणांना पाण्याची बाटली, कंपनीच्या चिन्हाची.

रबाळे एमआयडीसी, सांडपाणी विभाग.
माझं काम : एकतीस मेच्या आत
हसुरामच्या डोक्यातलं चार रकान्यांत उतरवणं.
लक्षण. कारण. उपाय. संदर्भ.

विचारते, ब्लोअर बसायच्या आधी तुम्हाला कळतं कसं?
तो टाकीच्या कठड्यावर वाकतो,
फेसावरून आलेला वारा नाकात धरून ठेवतो थोडा वेळ.
"कलतं," म्हणतो,
आणि तंबाखू मळत राहतो.

बाकीच्यांच्या नोंदी मी वाचल्यात.
देवयानी सामंतच्या बेचाळीस :
मशीन स्वच्छ ठेवावे. हातमोजे घालावेत.
तिच्या टेबलावर चार बाटल्या.
प्रयोगशाळेतल्या फ्रान्सिस घोन्साल्विसनं एकदा
अकरा पानं लिहिली होती, जीव ओतून;
पुढच्या महिन्यात ती पडद्यावर झळकली, खाली साहेबांचं नाव.
आता तो प्रत्येक रकान्यात लिहितो :
प्रत्यक्ष भेटावे.

आणि मी?
माझ्याकडे एक एक्सेल आहे,
महिन्याचा अहवाल चार मिनिटांत काढणारी.
सगळ्यांना वाटतं, मला दोन दिवस लागतात.
त्यातल्या एका दुपारी मी आईला
डायलिसिसला नेते, वाशीला.
याला उपाय म्हणू की कारण?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, डबा संपल्यावर,
मी न विचारता तो बोलला.
"मोजणीवाले आलेले, तवा मी सात वर्सांचा.
माज्या बापानी सगला दाखवला.
बांध कुठं, उघाडी कुठं,
भरतीचा पानी कुठशी घुसतं.
चाय पाजली, कोलंबी बांधून दिली.
त्यांनी कागदावर लिवून घेतला.
मंग कागद ऱ्हायला, शेत गेला."
डब्याचं झाकण त्यानं दोनदा लावलं, दोनदा काढलं.
"आता तिथं सेक्टर हाय.
दर साली तलमजल्यात पानी भरतं.
उघाडी कुठं व्हती, मना ठाव हाय.
कोनी इचारला नाय."

मग उठला, मला टाकीपाशी नेलं.
डोळे मीट म्हणाला.
ओल्या मातीचा वास : पाणी जिवंत आहे.
नासक्या अंड्याचा : हवा कमी पडतेय, घाई कर.
आणि या दोहोंच्या मधे
एक गोडसर, जुन्या गुळासारखा :
शेजारच्या कुणीतरी रात्री गुपचूप काही सोडलंय.
तेव्हा दोन नंबरचा व्हॉल्व्ह आधी पाव फेरा उलटा,
मगच सुलटा. नाहीतर अडकतो.
चार दिवस मला चुका करू दिल्या.
पाचव्या दिवशी म्हणाला, "हां."

एकतीसच्या रात्री मी पोर्टल उघडलं.
लक्षण : गोडसर. (किमान वीस अक्षरं लिहा.)
लेखकाच्या जागी त्याचं नाव टाकलं.
सदर वापरकर्ता निष्क्रिय आहे.
तुमच्या नावाने प्रकाशित करायचे?
कर्सर लुकलुकत राहिला.
मला फ्रान्सिसची अकरा पानं आठवली.
मसुदा जतन करा, एवढंच दाबलं.
अजून तिथंच आहे तो.

काल पहाटे पावणेतीनला फोन.
रात्रपाळीचा नवा मुलगा, कंत्राटी, तौफिक शिकलगार;
त्याला पोर्टलचा पासवर्डसुद्धा दिलेला नाही.
"मॅडम, फेस वर येतोय, पिवळा दिसतोय,
फाईलीत बघितलं, कायच नाही. काय करू?"

आई आतल्या खोलीत कूस बदलते.
मी अंथरुणात उठून बसते, चष्मा शोधत,
आणि माझ्याच तोंडून ऐकते :
घाबरू नकोस. कठड्यापाशी जा. वाक.
आधी वास सांग.