शौक

इब्रीच्या इस्पितळामागे, जनरेटरच्या खोलीपाशी
कुंपणाच्या जाळीतून बाहेर आलेला
काट्यांचा एक गोळा. निळसर होता कधी,
आता उन्हाने पांढरा.
रात्रपाळी उतरून मी जात होते,
तोंडातून निघालेच: अगं, उटकटारी!
एकोणीस वर्षांत इथे मी
कुणाला अशी हाक मारली नव्हती.

खलफान याकूबी टँकर रिकामा करत होता.
म्हणाला, शौक-अल-जमल.
उंटाचा शौक? मी हसले.
शौक म्हणजे काटा. त्याने बोटाला टोचल्यासारखे केले.
मग घशाच्या तळातून दुसरा शब्द उपसला,
शेवटचा क विहिरीच्या दगडाला घासून आलेला.
तो शौक म्हणजे ओढ.
आमच्या किनाऱ्यावर बहुतेक तेवढाच उतरला,
काटा गलबतात राहिला.

फोटो पाठवला तर रंगनाथने उलट पाठवले
बाबांच्या मोडी वहीचे पान.
बाबा अकोल्यात कंपाउंडर.
त्यांनी हे उतरवले वैद्यांच्या वहीवरून,
वैद्यांनी आणखी कुणाच्या.
'उटकटारी. संस्कृतात उत्कंटक.
मूळ उगाळून अडलेल्या बाईच्या पोटावर लेप.
मूल बाहेर येताच लेप'
आणि तिथे कसरीने पाडलेले भोक,
ज्वारीच्या दाण्याएवढे.

उंटाबद्दल मात्र सगळ्यांनी भरभरून लिहिलेय:
हिरवा पाला सोडून काटे चघळणारा मूर्ख.
खलफानला सांगितले तर त्याला राग आला.
उंट आधी ओठांनी विचारतो, म्हणाला,
कुठून येऊ?
लिहिणाऱ्याने उंट लांबून पाहिला असेल.

त्या रात्री अराकीची एक मुलगी, पहिलटकरीण,
चौदा तास.
माझा लेपावर विश्वास नाही.
हातमोजे, ठोक्यांचा आलेख, डॉक्टरांना दोन फोन.
पण तिने माझे मनगट धरले तेव्हा
मीही फक्त विचारतच होते,
कुठून, कुठून,
आणि चार वाजून दहा मिनिटांनी ती आली,
ओली, संतापलेली, केस ताठ उभे.

पहाटे रंगनाथला लिहिले:
भोकाच्या जागी 'पुसावा' असे लिही.
तो म्हणाला, कशावरून?
म्हटले, मूल आल्यावर आईला थांबवायचे कसे, ते आम्हाला विचार.
लिही. पण पेन्सिलीने.