साडेअकरा आटे

खारेगावच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह
साडेअकरा आट्यांत पूर्ण उघडतो.
एकोणतीस वर्षं मी तो पहाटे पावणेपाचला उघडतोय
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभामावशी
एकोणतीस वर्षं खिडकीतून ओरडतायत,
भोईर, प्रेशरच नाही!

माझ्यात होतं की.
वर एकशे अडुसष्ट, खाली एकशे चार.
महापालिकेच्या तपासणी शिबिरात
दंडाला पट्टा आवळून सिस्टर म्हणाली,
काका, परत घेऊ, मशीन बिघडलंय बहुतेक.
मशीन ठीक होतं.

टिपणीस डॉक्टरबाईंनी गोळी लिहिली,
सुकट, पापड, खारातली मिरची
एका रेघेत खोडली, जवळजवळ माझं सगळं बालपण,
आणि विचारलं, काही खेळता का?
बाई, दिवसाला अकरा चाव्या फिरवतो मी.
श्वास रोखून फिरवता ना?
तो व्यायाम नव्हे, म्हणाल्या. त्यानं उलट चढतो.

म्हणून पारसिकनगरच्या मागच्या मैदानात
संध्याकाळी व्हॉलीबॉल.
नेट म्हणजे खाडीवरून आलेलं कुणाचं तरी फाटकं जाळं.
पंक्चरवाला इस्माईल, रिटायर पोस्टमन काशिनाथ,
स्टेंट घातलेले दोघे, जे एकमेकांना भाऊबंद म्हणतात,
आणि मी. मी मारलेली पहिली उडी
जमिनीला कळलीसुद्धा नाही.

सूनबाई कालनिर्णयाच्या चौकटीत आकडे लिहायची.
एकशे छप्पन. एकशे एकोणपन्नास.
पुन्हा एकशे साठ, त्या दिवशी विटाव्याजवळ लाइन फुटली होती.
खेळून आल्यावर तासाभरानं घेतलं
की आकडा नव्या नवरीसारखा मान खाली घालायचा,
सकाळी परत ताठ.
चौथ्या महिन्यात मात्र सकाळीही एकशे अडतीस.
त्या रात्री मी गोळी घेतली नाही.
दुसऱ्याही रात्री नाही.
बरा झालो, असं माझं मीच ठरवलं.

अकराव्या दिवशी सर्व्हिस करताना
एका बॉलचे दोन झाले.
इस्माईलनं टायरवर बसवलं, काही बोलला नाही,
नुसता माझी चप्पल शोधत राहिला, जी माझ्या पायातच होती.

डॉक्टरबाई रागावतील म्हणून तयारीनं गेलो.
त्यांनी एवढंच विचारलं,
चार दिवस पाणी नीट आलं
म्हणून व्हॉल्व्ह काढून घरी नेता का?

आता गोळी रात्री साडेनऊला, चुकवत नाही.
आणि खेळाआधी मैदानाला पाच फेऱ्या, संथ.
इस्माईल वैतागतो, म्हातारे, हे लाड कशाला?
जुनी लाइन आहे रे, मी म्हणतो,
एकदम चावी फिरवली की पाणी आत डोकं आपटतं,
कुठला ना कुठला सांधा जातोच.
एक आटा. थांब. हवा निघू दे. मग दुसरा.
हे मला एकोणतीस वर्षं ठाऊक होतं,
फक्त रस्त्याखालच्या नळाबद्दल.

आज एकशे बेचाळीस. कालच्यापेक्षा चार जास्त.
काल मॅच हरलो होतो, तेही काशिनाथकडून.
टाकीखाली अंधार, बॅटरी दातांत,
श्वास सोडत सोडत फिरवतोय.
नऊ. दहा. अकरा.
वरून मावशी, भोईर, अजून थोडं!
हात आपसूक बारावा आटा शोधतो.
तो नाहीच.
साडेअकराला थांबलो.