बेचाळिसावा

पहाटे पाचलाच मी जखमा मळायला घेते.
मैदा, व्हॅसलीन, चिमूटभर कोको,
बिटाचा रस आटवून काकवीसारखा केलेला.
अडतीस वर्षं बेकरीत केकवर गुलाब काढले,
तोच हात, तीच सुरी.
भाजलेली कातडी हवी असेल तर
जिलेटिन पातळ पसरायचं आणि वाट बघायची.
घाई केली की खोटं दिसतं.

शाळेच्या व्यायामशाळेत रांग लागते.
आयवार टॅक्सीवाला : मांडीचं हाड बाहेर.
तोरबोर्ग, पोस्टातून निवृत्त : दोन्ही तळवे भाजलेले,
लोकरीचे मोजे मात्र काढणार नाही म्हणते, मार्च आहे, बाई.
इल्वा, सोळा वर्षांची : छातीत काच.
तिला अजून रक्त हवंय.
मी म्हणते, पोरी, काच आत असली की रक्त थोडंच येतं,
येतं ते काढल्यावर.

प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड :
नाडी किती, श्वास किती,
काय ओरडायचं, कुठल्या मिनिटाला गप्प व्हायचं.

हालवार शेवटचा.
फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा.
फ्योर्डखालून बोगदा झाला, बोट बंद पडली.
त्याच बोगद्यात आज आम्ही धूर सोडणार,
नाटक मंडळाकडून मागून आणलेला.
त्याचं कार्ड एका ओळीचं : बेशुद्ध. हाकेला ओ देत नाही.
"हे जमेल," म्हणाला, "घरी सवय आहे."

मी त्याची हनुवटी धरून कपाळावर जखम रेखली.
डोळे मिटून बसला होता,
पापण्या मात्र जाग्या.
कुणी हा चेहरा हातात धरून किती दिवस झाले असतील
ते मी विचारलं नाही.
कडेला थोडा जांभळा जास्त लावला,
म्हणजे तेवढा वेळ जास्त.

मग शिट्टी, भोंगे, दोन्ही तोंडांनी बंब,
इल्वाची किंकाळी, कार्डावर होती त्याहून लांब.
स्ट्रेचर येत गेली. मी बाहेर बर्फात उभी,
माझीच जखम नीट दिसते का बघत.
दोन तास चार मिनिटं.
रानवेगने कर्ण्यावरून सराव संपल्याचं सांगितलं
आणि सगळे जखमी उठून माशाच्या सूपकडे पळाले.

वाट्या बेचाळीस होत्या.
एक उरली.
रानवेगने मोजलं, पुन्हा मोजलं,
मग तिचा आवाज बदलला,
आणि त्या दिवशी पहिल्यांदाच
कुणी खरं धावलं.

पांढऱ्या व्हॅनच्या पलीकडे, भिंतीतल्या कोनाड्यात,
जिथे फोन लटकतो, त्याच्या खाली
हालवार आडवा.
हाका ऐकत होता म्हणे, कर्णाही ऐकला.
मग उठला का नाहीस?
त्याने कार्ड दाखवलं.

सगळे हसले. मीही हसले.
तो सिंद्रे, नवा, विशीतला, तो नाही हसला.
"एकदा बॅटरी माझ्या बुटांवर थांबली होती,"
हालवार सूप फुंकत कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला,
"वाटलं, आता."
सिंद्रे त्याच्या बुटांकडे बघत राहिला.
तपकिरी, डाव्याची नाडी पांढरी.
मग त्याने आपली वाटी न संपवताच खाली ठेवली.

नंतर बेसिनशी कोमट पाणी, साबण, रांग उलटी.
हाड निखळलं, काच सुटली,
तोरबोर्गचे तळवे पुन्हा पत्रं वाटण्याजोगे.
हालवारच्या कपाळाला मी स्पंज लावला
तर त्याने मनगट धरलं, हलकेच,
"राहू दे. घरापर्यंत."

घरी कोण बघणार, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

साडेपाचची बस पलीकडच्या काठाला जाते,
बोगद्यातूनच, आता दुसरा रस्ता नाही.
खिडकीशी तो बसला, टोपी मांडीवर घेऊन,
कपाळ उघडं.
ड्रायव्हरने आरशात पाहिलं,
गाडी सुरू केली, मग बंद केली,
आणि वळून काहीतरी विचारलं त्याला.
काच बंद होती, मला ऐकू आलं नाही.
एवढं दिसलं, की तो बोलतोय,
दोन्ही हातांनी, भरभरून,
आणि बस निघतच नाहीये.