डाव्या गालावरची सावली

ओतिया मास्तर सूर्यफुलाच्या बिया फोडत
माझे फोटो बघतात.
भिंग डोळ्याला, टरफलं शर्टाच्या खिशात,
आणि दर फोटोमागे एकच प्रश्न :
"छान आहे. कुणाचा?"

माझाच की, म्हणायला जीभ उचलत नाही.
त्यांना दिसतंच,
हा त्या खिडकीवाल्याचा,
ज्यानं पाय गेल्यावर अकरा वर्षं
एकच खिडकी टिपली;
हा खाणीतल्या हातांवाल्याचा;
आणि ही कललेली जमीन त्या बाईची,
जी भर बाजारात भाजीवालीच्या मांडीच्या उंचीवर
कॅमेरा धरून बसायची
आणि कधी कुणाला "इकडे बघा" म्हणाली नाही.

वाचनालय सहाला बंद होतं.
कुताइसीत हिवाळ्यात उजेड त्याच्याही आधी.
त्यांची पुस्तकं मी कोटाखाली धरून
पांढऱ्या पुलावरून घरी नेली आहेत, न विचारता,
आणि सोमवारी गुपचूप जागेवर ठेवली आहेत.
उसनी वाटी परत करताना
वर थोडी शीग असावी म्हणतात.
माझी नुसतीच धुतलेली जायची.

महिनाभर मीही खिडकी टिपली.
समोर रिओनी नदी, गोटे, एक मोडकी सायकल.
आई म्हणाली, कुणाची वाट बघतेस?
सगळ्या रिळात माझं म्हणावं असं एकच :
काचेवर उमटलेला नाकाचा डाग.

पोटापाण्याला मी बसस्टँडशेजारी
पासपोर्टचे फोटो काढते.
पाठीमागे पांढरं कापड, फिरतं स्टूल, दोन दिवे.
"हसू नका. केस कानामागे. हनुवटी खाली. झालं."
बायका येतात, पन्नाशीच्या, साठीच्या,
नेपल्सला नाहीतर सालोनिकाला
परक्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळायला निघालेल्या.
दिवसाला वीस-पंचवीस.
त्यातला एकही मी मास्तरांना दाखवला नव्हता.
त्याला कोण फोटो म्हणतं?

फेब्रुवारीत स्टुलावर आई येऊन बसली.
आधी काही बोलली नव्हती.
अंगात कोट तसाच, मांडीवर फॉर्म,
"चार लागतात ना गं?" जणू अंडीच मागतेय.

दिवा चमकला की तिचे डोळे मिटतात.
सहा वेळा मिटले.
मग मी दिवे घालवले,
स्टूल दाराशी ओढलं,
खिडकीवाल्याकडचा तो राखाडी उजेड
तिच्या उजव्या अंगानं येऊ दिला
आणि फरशीवर गुडघे टेकले, तिच्या मांडीच्या उंचीवर.
पासपोर्ट मी विसरलेच होते.
"श्वास धर," एवढंच म्हटलं.
पाव सेकंद.
पाव सेकंद ती हलली नाही.
इतका वेळ एका जागी बसलेली
मी तिला कधी पाहिली नव्हती.

कचेरीनं फोटो परत पाठवला.
कारण : डाव्या गालावर सावली.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
आठ दिवस मिळाले.
त्यात तिनं माझ्या कोटाचं अस्तर बदललं,
गॅसवाल्याचं देणं फेडलं.
मग पुन्हा दोन दिवे, पांढरं कापड,
डोळे ताणून उघडे,
कुणाचाही असू शकेल असा चेहरा.
तो लगेच पास झाला.

नापास झालेला मी मास्तरांपुढे ठेवला,
गठ्ठ्याच्या मध्ये, चुकून आल्यासारखा.
भिंग बराच वेळ तिथंच राहिलं.
बी दातांत, फुटायची थांबलेली.
मी उत्तर घोकून आले होते :
थोडा याचा, थोडा तिचा, उरलेला

"कधी निघतेय?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी. सकाळची बस."

त्यांनी बियांची पुडी माझ्याकडे सरकवली.
मी मूठभर घेतल्या.
टरफलं कोटाच्या आतल्या खिशात टाकत राहिले.
आधी तिथं खिसा नव्हता.