धुपदाळला, पाणी उतरल्यावर

तिकीट फाडून दुंडाप्पा पुढं झाला.
"चपला काढा," म्हणाला, "देवासाठी न्हवं, चिखलासाठी."
जानेवारीतली घटप्रभा एवढीशी,
पलीकडं कुणी बिडी पेटवली
तर काडी ओढल्याचं ऐकू यावं.

करंजाच्या खोडाशी थांबून त्यानं हात उंचावला,
टाचा उचलल्या, तरी बोटं पोचली नाहीत
त्या मातकट रेघेला.
"हितवर."
मग मी, माझी भाची सुलभा, तिचा पोरगा,
आणि मागून येणारी गोकाकची दोन कॉलेजची पोरं,
सगळे ऑगस्टच्या तळातून चालत राहिलो,
डोक्यावर दोन हात पाणी.
नसलेलं.

फांद्यांत घरटी वाटली ती घरटी नव्हती.
उसाचं पाचट, शाळेचा टाय,
खताच्या पिशवीची नाडी,
पुरानं घाईघाईत विणलेलं काहीबाही.

आणि जांभळीच्या बेचक्यात
एक दार.
चौकटीसकट. बंद.
कडी, कोयंडा, कुलूप जागच्या जागी,
भिंती तेवढ्या नाहीत.
फळीवर तेलरंगातला नंबर होता,
त्यातला दोन उरलाय,
कानडी की मराठी, सांगता येत नाही,
दोन दोन्हीकडं तसाच वळतो.
"संकेश्वरचं असंल, न्हाईतर वर गडहिंग्लजचं.
नदी कुठं पावती देती?"

काढलं नाही?
"पिंगळा ऱ्हातोय की मागं."

पाणपक्ष्यांकडं वळता वळता म्हणाला,
"गेल्या साली एक म्हातारा आलता.
तिकीट काढलं. खिशातनं किल्ली काढली.
शिडी मी धरली.
कुलपात तेल सोडलं, फुंकर मारली,
लई वेळ फिरवत होता.
मग दाराला हात जोडून म्हणाला,
चुकलं, दुसऱ्याचं हाय.
आन् बसला तिथं, त्या दगडावर,
हळदीकुंकू बदकं बघत,
शेवटची बस येस्तवर."

कांड्या करकोचे त्या दिवशी लांबच होते.
दुर्बिणीत राखाडी हललं, एवढंच.
सुलभानं शेंगा काढल्या, दुंडाप्पानं गूळ.
"जून लागला की मी चौकीला कुलूप लावत न्हाई," म्हणाला,
"त्याला यायचंच असलं
तर सरळ दारातनं येऊ दे."

परतताना पोरगा अचानक गप्प.
गाल फुगलेले, चेहरा लाल.
सुलभा घाबरली, पाठीत थोपटायला लागली.
त्यानं मान हलवली, बोट वर केलं
त्या रेघेकडं,
आणि पळत सुटला.

श्वास सोडला तो फाटकाबाहेर,
डांबरी रस्त्यावर.