आउफ

धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
गडेकर सर क्रियापद तोडून दाखवतात.
आउफवाखेन. जागं होणं.
खडूची एक रेघ, मधोमध.
वाखे इकडे, कर्त्याच्या मागोमाग,
आउफ पार तिकडे, पूर्णविरामाला टेकून.
मधे काय वाट्टेल ते ठेवा, सर म्हणतात,
वेळ, वार, गाव,
अख्खी रात्र ठेवा.

पुस्तकातली बाई सहाला जागी होते.
इश वाखे उम झेक्स ऊअर आउफ.
तिच्या खिडकीत कुंडी आहे, कुंडीत लाल काहीतरी.
आम्ही अकरा नर्सेस एका सुरात
सहाला जाग्या होतो.
खरं तर मी सकाळी नऊला झोपते,
मेडिकलची नाइट करून,
खिडकीला जुनी चादर, कूलर फुल्ल,
आणि उठते चारला, दुपारच्या.
मग तसं सांगा, सर म्हणाले, परीक्षेत खोटं कशाला?
तसं सांगितलं, आणि आउफ विसरले.
"हेडाऊ, तुम्ही अजून झोपेतच आहात."
दहा जणी हसल्या.

मराठीत मी कुठे काय करते?
मला जाग येते.
येते ती आपली आपण, न विचारता,
शेजारच्या मिक्सरबरोबर, कधी घशाच्या कोरडीबरोबर.
तिथे हे मलाच करावं लागणार, कर्ता होऊन,
आणि शेवटपर्यंत लक्षात ठेवून.

माइन फाटर वाख्ट उम फीअर ऊअर आउफ.
हे वाक्य मला कधीच चुकत नाही.
मिलचा भोंगा बंद पडला तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते.
बाबा अजून चारला उठून बसतात,
अंगठा तर्जनीवर चोळत राहतात,
तुटला धागा सांधावा तसा.
"काऊन उठले इतक्या लवकर?"
"उठून नाही राह्यलो. उठूनच आहो."

सात नंबरच्या बेडवर अठरा दिवस एक पोरगा,
कामठी रोडवर ट्रकने उडवलेला.
त्याची मावशी काचेपाशी येते, दर दोन तासांनी.
"सिस्टर, जाग?"
एवढंच. क्रियापद तिला परवडत नाही.
मी बुबुळांवर टॉर्च मारते, आकडे लिहिते.
वाक्य सुरू आहे, असं तिला कसं सांगू,
शेवटचा तुकडा तेवढा यायचाय.

पुढच्या धड्यात भूतकाळ आला.
आउफगेवाख्ट.
होऊन गेलं की तुकडे परत जुळतात, सर म्हणाले,
फक्त मधे एक गे राहतो.
आमच्याकडे कुणी गे म्हणत नाही,
आमच्याकडे वं असतं, काय वं, ये वं.
तरी तो गे मला हाकेसारखाच ऐकू आला,
दोन खोल्यांच्या मधल्या दारातून मारलेल्या.

पोरगा मंगळवारी जागा झाला.
माझा ऑफ होता.
आम्रपालीच्या ड्यूटीत डोळे उघडले
आणि पहिलं विचारलं, मोबाइल कुठाय.
मावशीने तिला पेढे दिले. माझा पेढा
औषधांच्या फ्रिजमध्ये, कागदात, कडक झालेला.

परवा कागद आले. शहराचं नाव
बाबांनी तीनदा वाचून घेतलं, स्वतः म्हटलं नाही.
"म्हणजे तू जाऊन राह्यली."
हो बाबा, जाऊन राह्यली.
ह्यावर पुण्याच्या मुली होस्टेलवर किती हसायच्या,
जायचंय की राहायचंय, एक काय ते ठरव.
सरांना विचारणार होते
हे कुठे तोडायचं, रेघ कुठे मारायची.
विचारलं नाही.

आज ऑफ आहे. झोप नाही.
पलीकडे खाट करकरते, मग चपला शोधणारे पाय.
फीअर ऊअर.
इश वाखे, मी म्हणते उशीत,
आणि मधे ठेवत जाते,
गोळीबार चौक, मटक्यावरचा पेला उचलल्याचा आवाज,
बाबांचा अंगठा,
अजून काही सापडतं का बघते.