तीन नंबरचा सायलो

रास अल खैमाच्या उत्तरेला
डोंगर पार समुद्राला येऊन टेकतो,
तिथे आमची सिमेंटची फॅक्टरी.
तीन नंबरचा सायलो दोन वर्षं बंद.
त्याच्या कंगोऱ्यावर, गंजक्या पट्टीमागे,
खरुचीचं घर.
घर कसलं, काडीसुद्धा नाही.
सिमेंटची धूळ, आणि धुळीत चार पिल्लं.

खरुची हे नाव मला इथे येऊन कळलं.
देवरुखात वर काही घिरट्या घालू लागलं
की आई म्हणायची, कोंबड्या झाक.
एवढाच आमचा पक्षिअभ्यास.

कॅमेरा रोडेलचा. मनिलाला कायमचा जाताना
साडेचारशे दिरहमला देऊन गेला.
भिंगात बुरशीचा ठिपका आहे,
प्रत्येक फोटोत, डावीकडे खाली.

शुक्रवारी पहाटे कॅम्पच्या गच्चीवर
टाकीच्या सावलीत मी पालथा पडतो.
सव्वासहाला नर येतो,
राखाडी डोकं, पाठ विटेची,
चोचीत सरडा, कधी चिमणी,
एकदा नुसता टोळ
(एवढ्यासाठी गेला होतास, बाबा?).
हाक देतो. मादी पुढे येऊन घेते.
तो निघतो. आत डोकावत नाही.
तीन सेकंद.

मग ती फाडते.
पिल्लाच्या घशात मावेल एवढाच तुकडा,
मान तिरकी करून,
जणू सुईत दोरा ओवतेय.
चोचीला रक्त, आणि किती हळू.

गुल जमान स्वातचा. त्याच्याकडे माणसं बाज पाळायची.
"ये तो चूहे खाता है," म्हणाला,
आणि अर्धा तास कॅमेरा परत देईना.
चहा गार.

मेच्या दुसऱ्या शुक्रवारी मादी नव्हती.
नर आला. हाक दिली.
पुन्हा दिली.
चार चोची वासलेल्या.
त्याने सरडा समोर ठेवला, अख्खा,
आणि एक पाऊल मागे सरकला.
पिल्लं सरड्याकडे बघेनात, त्याच्याकडेच बघत राहिली.
उचलला. पुन्हा ठेवला, जरा जवळ.

गेल्या रजेत सुनेत्रा एक दिवस रत्नागिरीला गेली होती.
मी मासे तळले, चांगले तळले,
ओजसच्या ताटात अख्खा बांगडा वाढला.
तो बराच वेळ बसून राहिला.
मग म्हणाला, बाबा, काटे.

आठ दहाला मादी आली, पोट ओलं.
कुठल्या तरी गळक्या पाइपाखाली बसून आली असणार.
नर लगेच उडाला.
तिने सरडा ओढून घेतला,
फाडायला लागली.

एकशे बारा फोटो काढले त्या सकाळी.
एक ठेवलाय.
सरडा नीट आलाय, शेपटीचे खवलेसुद्धा.
ठिपका आहे तिथेच.
नर थोडा हललाय.